मतदानाचा हक्क नाही, मग शाळेच्या निर्णयात आमचे कोण ऐकणार?

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांबरोबर काम करताना एक काळजी वारंवार कानावर येते. स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे आपल्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, एखादा निर्णय पटला नाही, तर आपण बोलावे का, आणि बोललो तर त्याचा राग मुलांवर तर निघणार नाही ना? अशाच एका जोडप्याची हकीकत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

पती एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, पत्नी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर आणि मुलगी चौथीत. डिस्ट्रिक्टने शाळांच्या हद्दी नव्याने आखण्याचा प्रस्ताव मांडला होता आणि त्यात त्यांची वसाहत दुसऱ्या प्राथमिक शाळेकडे जाणार होती. पत्नी माझ्याकडे आली ती झोप लागत नाही म्हणून. रात्री उशिरापर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज वाचायचे, मुख्याध्यापकांना लांबलचक ईमेल लिहायचे आणि पाठवायचे मात्र नाही, असा तिचा क्रम झाला होता. पतीचे म्हणणे होते, "आपण व्हिसावर आहोत, उगाच कोणाच्या डोळ्यांवर कशाला यायचे?" या ताणात मुलीने घरात शाळेचा विषय काढणेच सोडून दिले होते, आणि मला त्याची अधिक चिंता वाटली.

भीतीला नुसता धीर देऊन भागत नाही, तिच्यासमोर माहिती ठेवावी लागते, असे माझे मत आहे. म्हणून आधी आम्ही नियम पाहिले. डिस्ट्रिक्टचे निर्णय घेणाऱ्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत द्यायला किंवा उभे राहायला नागरिकत्व लागते, परंतु सभेत बोलायला लागत नाही. 1975 मध्ये संमत झालेल्या ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्टनुसार, म्हणजे जाहीर सभांच्या कायद्यानुसार, राज्यातील स्कूल बोर्डांना आपल्या सभेत लोकांच्या म्हणण्यासाठी वेळ राखून ठेवावाच लागतो. शाळांचा मोठा खर्च मालमत्ता करातून भागतो आणि घर भाड्याचे असले तरी त्या कराचा वाटा भाड्यातून जातच असतो. हे ऐकल्यावर पती प्रथमच मोकळेपणाने प्रश्न विचारू लागला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची ठरली. ज्या मुख्याध्यापकांना ती ईमेल लिहीत होती, त्यांच्या हातात हा निर्णय नव्हताच. हद्दींचा प्रस्ताव सुपरिंटेंडंटचे, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुख अधिकाऱ्याचे, कार्यालय तयार करते आणि त्यावर बोर्डाचे सदस्य मत देतात. हे सदस्य बिनपगारी असतात, आणि एकट्या सदस्याला काही ठरवण्याचा अधिकार नसतो. याउलट आपल्या एकट्या मुलीची अडचण असेल तर ती वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक आणि गरज पडल्यास सुपरिंटेंडंट या क्रमाने न्यायची असते. जाहीर सभेत कोणत्याही एका विद्यार्थ्याबद्दल चर्चा करणे बोर्डाला शक्य नसते. तिच्या मनात या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या, म्हणून आम्ही एका कागदावर मधोमध रेघ मारून त्या वेगळ्या केल्या. मुलीच्या मैत्रिणी तुटण्याची भीती डावीकडे गेली. उजवीकडे सगळ्याच मुलांना लागू होणारे मुद्दे राहिले.

प्रस्तावामागचे पटसंख्येचे अंदाज आणि बसमार्गांचे नकाशे तिने सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्याखाली मागवले. अशा अर्जाला साधारणपणे कामकाजाच्या 7 दिवसांत उत्तर द्यावे लागते. नकाशात नवा बसथांबा चौपदरी रस्त्याच्या पलीकडे दाखवलेला होता. ती सकाळी शाळेच्या वेळेला तिथे जाऊन उभी राहिली, तेव्हा तिथे पदपथ नाही आणि सिग्नलही बराच पुढे आहे, हे तिला दिसले. ग्रुपवरच्या शेकडो मेसेजमध्ये ही गोष्ट कोणीही लिहिलेली नव्हती.

बोलण्यासाठी तिच्या बोर्डाने 3 मिनिटे ठरवून दिली होती. तिचा पहिला मसुदा मोठ्याने वाचून पाहिला तर तो दुपटीहून लांब भरला. "तुम्हाला आमच्या भागाची पर्वाच नाही" यासारखी वाक्ये आम्ही गाळली. त्यामागची वेदना खोटी नव्हती, पण ऐकणाऱ्याने त्यावर करायचे काय, हे त्यातून कळत नव्हते. उरल्या त्या दोन मागण्या: थांबा अलीकडे आणावा आणि पाचवीत जाणाऱ्या मुलांना जुन्याच शाळेत वर्ष पूर्ण करू द्यावे. ठराव मताला येईपर्यंत न थांबता तो चर्चेत असतानाच ती सभेला गेली, आणि माझ्या मते हेच निर्णायक ठरले. मतदानाच्या रात्री गर्दी मोठी होते, परंतु तोवर सदस्यांची मते बहुधा बनलेली असतात.

हद्दी प्रस्तावाप्रमाणेच बदलल्या. थांबा मात्र हलवला गेला, आणि पाचवीच्या मुलांना, ने-आण पालकांनी स्वतः करण्याच्या अटीवर, एक वर्षाची सवलत मिळाली. ग्रुपमधील काहींना हे फारच थोडे वाटले, मला तसे वाटत नाही. तिची झोप तर निकाल लागण्याआधीच सुधारली होती. मुलीला काय ठरले आणि काय नाही हे दोघांनी एकत्र बसून सांगितले, तेव्हा तिने विचारलेला पहिला प्रश्न नव्या शाळेच्या ग्रंथालयाबद्दल होता.

ज्या घरात एकाला बोलायचे असते आणि दुसऱ्याला भीती वाटते, त्यांना मी सांगते की पहिल्या सभेला दोघांनी मिळून केवळ ऐकायला जावे. अंदाजपत्रकावरची वसंत ऋतूतील जाहीर सुनावणी त्यासाठी चांगली, कारण शिक्षकांच्या जागा आणि वर्गांचे आकार यांवर त्या आकड्यांचा थेट परिणाम होतो, आणि तिथे खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात.