धामणीचा लळा लागलाय, पण ती खात नाही

प्रश्न : ताई, दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या गोठ्यात धामण निघाली. लोक काठ्या घेऊन धावले. मी मध्ये पडलो आणि तिला घरी आणलं. ड्रमच्या तोंडाला जाळी बांधून त्यात ठेवलीये. सुरुवातीला उंदीर खाल्ला, आता तीन आठवडे काहीच नाही. नाकाशी जखमही झालीये. आई त्या खोलीत पाऊल ठेवत नाही, माझ्याशी नीट बोलत नाही. बाबा गेल्यापासून मी फक्त या धामणीपाशीच मोकळा होतो. ती मला ओळखते. काय करू? (वय २१)

उत्तर : काठ्या उगारलेल्या माणसांपुढे उभा राहिलास, त्याबद्दल आधी तुझी पाठ थोपटते. आमचे आजोबा धान्याच्या कोठीपाशी धामण दिसली की आम्हा पोरांना लांब उभं करायचे आणि तिला तिच्या वाटेने जाऊ द्यायचे. उंदरांचा बंदोबस्त ती करते, एवढंच म्हणायचे.

आता त्या जखमेबद्दल. ती जाळीमुळे झालीये. धामण दिवसा हिंडणारा साप. उंदीर, बेडूक, सरडे, पाखरं यांच्या मागे बांधावरून, बिळांतून, झाडावरसुद्धा सरसर जाणारा. पूर्ण वाढलेली धामण सहा-सात फूट सहज भरते. ड्रममध्ये तिला अंग पसरायलाही जागा नाही. जिथून उजेड दिसतो तिथे ती नाक घासत राहते, कातडी सोलवटते, आणि ती जखम चिघळून तोंडात पसरू शकते. खाणं सुटलंय तेही बहुधा याच कोंडमाऱ्याने. साप बरेच दिवस उपाशी काढतो, म्हणून तुला वाटत असेल, खाईल आज ना उद्या. अंगावर जखम असताना तशी वाट बघू नकोस. तोंडात बळेच काही कोंबू नकोस. कुणी दूध पाज म्हणेल, तेही नको. गाईच्या पायांना विळखा घालून धामण दूध पिते असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गोठ्यात ती येते उंदरांसाठी.

ती तुला ओळखते का? तुझ्या वासाची, हाताळण्याची तिला सवय झाली असेल, म्हणून आता मान फुगवून फुत्कारत नसेल. पण सापाला माणसाचा लळा लागतो, असं तुझं मन राखायला मी म्हणणार नाही. लळा तुला लागलाय, आणि तो खरा आहे. म्हणूनच तुला हे सांगावंसं वाटतं : तिला जाऊ दे.

धामण बिनविषारी असली तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे तिला संरक्षण आहे. जीव वाचवायला आणलेली असली तरी घरात ठेवता येत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आजच फोन कर. कुठे सापडली, किती दिवस ठेवलीस, शेवटचं कधी खाल्लं, सगळं खरं सांग. भीतीपोटी रात्री गुपचूप शेतात सोडून येऊ नकोस, जखमेवर उपचार आधी व्हायला हवेत. आणि बरी झाल्यावर जिथे सापडली त्याच परिसरात सोडा, अशी विनंती कर. परक्या रानात तिला ना बिळं ठाऊक, ना पाणी. तुझ्या भागातल्या अनुभवी सर्पमित्रांची ओळखही त्यांच्याकडूनच करून घे. तुझ्यासारखा न घाबरणारा मुलगा त्यांना हवाच असेल.

फोन लावण्याआधी मात्र आईजवळ जाऊन बस. ड्रम आज घरातून जाणार, हे तिला तुझ्या तोंडून कळू दे. बाबांविषयी जे तू त्या खोलीत धामणीपाशी बोलायचास, त्यातलं एखादं तिच्यापाशी बोल. तिचंही माणूस गेलंय रे, आणि त्यात घरातली एक खोली तिला बंद झाली. पहिल्या दिवशी शब्द फुटले नाहीत तर नुसता बस. दुसऱ्या दिवशी पुन्हा बस. आणि धामणीचं नाक कसं आहे, ते मला जरूर कळव.