पांढऱ्या कारवरचे डांबराचे ठिपके रंग न बिघडवता कसे काढायचे?

आधी गाडी सावलीत लावा, पत्रा गार होऊ द्या आणि भरपूर पाण्याने धूळ घालवा. नाहीतर तीच धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर घासली जाते. टार रिमूव्हर नसेल तर मऊ मायक्रोफायबर कापडावर थोडं रॉकेल घ्या (जवळपास काडी-विडी नको) आणि ठिपक्यावर मिनिटभर नुसतं दाबून धरा. डांबर मऊ पडून तपकिरी ओघळ सुटतो. तो हलकेच टिपा, कापडाची बाजू बदलत राहा. लगेच कार शाम्पूने धुवा आणि वॅक्स लावा, कारण रॉकेलने जुनं वॅक्स निघून जातं.

थिनर मात्र कृपा करून लावू नका! गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या दारावर तर रंगच विरघळतो. ब्लेडने खरवडणंही नको.