डिलीट एकीकडचं केलं, गेलं सगळीकडून

प्रश्न : सोसायटीचा हिशोब मी बघते. जीमेलमध्ये 'सोसायटी' आणि 'लिफ्ट' असे दोन फोल्डर केलेत, लिफ्टवाल्याचं कोटेशन दोन्हीत दिसत होतं म्हणून एकातलं डिलीट केलं तर दुसऱ्यातलंही गेलं. शिवाय फोनवर बोट सरकलं की मेल गायब होतो, तो जातो कुठे? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी ट्रॅश उघडा, कोटेशन तिथे असेल. ३० दिवसांच्या आत 'मूव्ह टू' करून इनबॉक्समध्ये आणा, ३० दिवस उलटले की ते कायमचं जातं.

आता झालं काय, तर तुम्ही ज्यांना फोल्डर म्हणताय ती लेबलं आहेत. मेल एकच असतो, 'ऑल मेल'मध्ये पडलेला, आणि त्यावर हव्या तेवढ्या चिठ्ठ्या लावायच्या. तुम्हाला 'लिफ्ट'ची नुसती चिठ्ठी काढायची होती पण उडाला मूळ मेलच. चिठ्ठी काढायची तर कॉम्प्युटरवर मेल उघडा, विषयाशेजारी लेबलचं नाव दिसतं, त्याच्या फुलीवर क्लिक करा, बास.

गंमत म्हणजे इनबॉक्स हेही एक लेबलच! बोट सरकलं की मेल बहुतेक अर्काइव्ह होतो, म्हणजे इनबॉक्सची चिठ्ठी निघते, मेल ऑल मेलमध्ये तसाच, आणि त्यावर कुणाचं उत्तर आलं की परत इनबॉक्समध्ये हजर. नको असेल तर सेटिंगमध्ये 'स्वाइप अ‍ॅक्शन' बदलून टाका.

जीमेल १ एप्रिल २००४ला आलं तेव्हा हॉटमेलवर २ एमबी जागा मिळायची आणि यांनी १ जीबी जाहीर केली, लोकांना एप्रिल फूलच वाटलं. जागा भरपूर आहे, पुसू नका, लागेल तेव्हा शोधा, असा सगळा हिशोब होता. आता १५ जीबी मिळतात पण त्यात गूगल ड्राइव्हमधल्या फाइली आणि गूगल फोटोही आले, त्यामुळे पुसावं लागतंच.

आणि पुसताना एक बघा. यादीतली एक ओळ म्हणजे एक मेल नव्हे, मूळ मेल आणि त्यावरची सगळी उत्तरं मिळून ती ओळ होते, डिलीट केली की अख्खी गप्पाटप्पा जाते. सोसायटीत तर कुणीतरी 'लिफ्ट दुरुस्ती'च्या मेललाच रिप्लाय मारून पाण्याच्या टाकीचं लिहितं (सेक्रेटरीसुद्धा!), मग टाकीही लिफ्टबरोबर जाते. एकच मेल काढायचा तर तो उघडून त्याच्या तीन टिंबांमधून डिलीट करा. आणि नवा विषय असला की नवा मेल लिहा म्हणावं सगळ्यांना.

प्रश्न : लाइट बिलाचा मेल जीमेलच्या 'प्रमोशन्स' या जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन बसतो. काय करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कॉम्प्युटरवर तो मेल ओढून वरच्या 'प्रायमरी' या मुख्य कप्प्यावर सोडा, यापुढेही असंच करू का असं खाली विचारतं, तिथे 'येस' दाबा. विचारलेलं थोड्याच वेळात निघून जातं, तेवढं लक्ष ठेवा.