वाचकांचे प्रश्न : एका वर्षात संपलेला ‘फ्लॅश’

मागील अंकात आम्ही जुन्या परदेशी मालिकांविषयी वाचकांची मते मागवली होती. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच मालिकेवर आहेत आणि त्यांत एकमत नाही, म्हणून या वेळचे सदर त्या मालिकेलाच दिले आहे. ‘द फ्लॅश’ ही चित्रकथांतल्या अतिवेगाने धावणाऱ्या नायकाची मालिका अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर २० सप्टेंबर १९९० रोजी सुरू झाली आणि १८ मे १९९१ रोजी संपली. पहिला दोन तासांचा भाग धरून तिचे एकूण २२ भाग झाले. २०१४ साली याच नावाने सुरू झालेली मालिका वेगळी आहे.

प्रश्न : आमच्या घरी गेले दोन महिने वाद चालू आहे. १९९३ च्या सुमारास रामबागेतल्या जुन्या वाड्यात माझे काका एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणत, आणि त्यावर त्यांनी ‘फ्लॅश’च्या दोन कॅसेट पाहिल्या होत्या. त्यांच्या मते तशी मालिका पुन्हा झालीच नाही. माझ्या मुलाने अलीकडे सगळे भाग ओळीने पाहिले. तो म्हणतो की निम्म्या मालिकेत फ्लॅश साध्या गुंडांच्याच मागे धावतो, मग एवढा वेग मिळून उपयोग काय? चांगली होती तर एका वर्षात बंद का पडली, असे त्याने विचारले की काका गप्प बसतात. कोणाचे बरोबर मानावे? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या काकांनी आणि मुलाने नाव एकच असलेल्या, पण बऱ्याच वेगळ्या दोन गोष्टी पाहिल्या आहेत, आणि वादाचे मूळ मला तिथेच दिसते. मालिका बंद झाल्यावर तिचे निवडक भाग जोडून चित्रपटासारख्या कॅसेट काढण्यात आल्या. एका कॅसेटमध्ये ट्रिकस्टर या खलनायकाचे दोन्ही भाग एकत्र केले होते, तर दुसरीत नाइटशेड या १९५० च्या दशकातल्या मुखवटाधारी रक्षकाचे दोन भाग होते. काकांच्या हाती याच कॅसेट आल्या असतील, तर त्यांनी २२ भागांपैकी जे चार भाग पाहिले ते मालिकेतल्या उत्तम भागांत मोडणारे होते. ट्रिकस्टरच्या भूमिकेत मार्क हॅमिल आहे. त्याचे हसता हसता अंगावर येणे ज्याने रात्री उशिरा अंधाऱ्या खोलीत पाहिले असेल, त्याच्या मनातून ते तीस वर्षांनीही जाणार नाही.

आपल्या मुलाने मात्र मालिका जशी दाखवली गेली तशी, पहिल्यापासून पाहिली. तिच्या सुरुवातीच्या भागांत खंडणीखोर, भ्रष्ट अधिकारी, चोरांच्या टोळ्या आणि एखादा बहकलेला शास्त्रज्ञ हेच बहुतेक विरोधक आहेत. चित्रकथांतून आलेले ट्रिकस्टर, कॅप्टन कोल्ड आणि मिरर मास्टर हे खलनायक १९९१ साल उजाडल्यानंतर येतात. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा माणूस पिस्तूलवाल्या गुंडाला पकडायला पाऊण तास घेतो, तेव्हा लेखकाला मुद्दाम अडथळे उभे करावे लागतात आणि ते प्रेक्षकाला दिसतात. मुलाची ही तक्रार रास्त आहे आणि ती काकांनी मान्य करावी.

बंद पडण्याच्या मुद्द्यावर मात्र मी काकांच्या बाजूने उभा आहे. मालिका गुरुवारी रात्री आठ वाजता लावली गेली. त्याच वेळी एका वाहिनीवर ‘द कॉस्बी शो’ हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय कार्यक्रम होता आणि दुसरीवर ‘द सिम्पसन्स’ नुकताच गुरुवारी आणून बसवला होता. पुढे ‘फ्लॅश’ची वेळ अर्ध्या तासाने सरकवली. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाल्यावर बातम्यांसाठी नेहमीचे कार्यक्रम बाजूला सारले जाऊ लागले, आणि शेवटचा भाग तर शनिवारी दाखवला गेला. ज्या घरात आठवड्यातून एकदाच ती मालिका लागते, त्या घराला ती आज लागणार की नाही हेच कळेनासे झाले, तर कोणती मालिका तग धरेल? त्यात एका भागाला साधारण १६ लाख डॉलर खर्च येत असे, आणि त्या काळच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती. मालिकेला आपला सूर सापडला तो नेमका प्रेक्षक विखुरले गेल्यानंतर, ही मला आजही चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

काकांना एक विनंती आहे. त्यांनी पहिला दोन तासांचा भाग पाहावा. त्यात पुढे फ्लॅश होणारा बॅरी ॲलन हा पोलीस खात्याच्या प्रयोगशाळेत काम करणारा तरुण आहे. त्याचे वडील निवृत्त पोलीस आहेत, भाऊ मोटारसायकलवरून गस्त घालणारा पोलीस आहे, आणि वडिलांच्या हिशेबी खरा पोलीस म्हणजे रस्त्यावरचा. परीक्षानळ्या हलवणाऱ्या धाकट्याचे काम त्यांना काम वाटतच नाही. पुढे तो भाऊ मोटारसायकलस्वारांच्या टोळीकडून मारला जातो. बॅरी झालेल्या जॉन वेस्ली शिपने हा धाकटेपणा देहबोलीत असा ठेवला आहे की लाल पोशाख चढवल्यावरही तो माणूस वडिलांच्या एका शब्दासाठी खोळंबलेला वाटतो. मुलाने हा भाग पाहिला आहेच, तेव्हा तो दोघांनी एकत्र बसून पाहिला, तर वाद पुढे सरकेल अशी मला आशा आहे.

प्रश्न : आपल्याकडे दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ १९९७ पासून २००५ पर्यंत चालला. त्यात तर यंत्रांची करामत फारच साधी होती. एवढा पैसा ओतलेली अमेरिकन मालिका वर्षभरही टिकत नाही, याचा अर्थ ती लोकांना आवडलीच नाही असा का घेऊ नये? – एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : कारण दोन्हीकडचा जमाखर्च वेगळा होता. आपल्याकडच्या प्रायोजित कार्यक्रमांच्या पद्धतीत निर्माता दूरदर्शनला ठरलेले शुल्क भरत असे आणि जाहिरातींचा वेळ विकून आपला खर्च काढत असे. शिवाय बहुतेक घरांत दूरदर्शन लागत असल्यामुळे प्रेक्षक आयता मिळे. अमेरिकेत त्या काळी वाहिनी निर्मात्याला जी रक्कम देई ती खर्चापेक्षा कमी असे. ही तूट पुढे स्थानिक केंद्रांना पुनःप्रसारणाचे हक्क विकून भरून काढायची असे, आणि त्यासाठी शंभराच्या आसपास भाग हाताशी लागत. २२ भागांवर अडकलेल्या महागड्या मालिकेला तो मार्ग जवळजवळ बंदच होता. आवडनिवड हे एक कारण असेलही, पण एकमेव नव्हे.

प्रश्न : मी चित्रकथा मनापासून वाचतो. या मालिकेत बॅरी ॲलनचे नाव घेऊन भलताच माणूस उभा केला आहे असे माझे मत आहे. तो सारखा खात असतो, थकतो, त्याला रबरी स्नायूंचा पोशाख लागतो. जाणकार प्रेक्षक तिच्यावर का नाराज होते ते मला पटते. आपले काय मत आहे? – एक महाविद्यालयीन वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. बॅरी ॲलन चित्रकथेत १९५६ साली आला आणि १९८५ साली तिथे त्याचा मृत्यू दाखवला गेला. मालिका आली तेव्हा चित्रकथांमध्ये फ्लॅशचा पोशाख त्याचा शिष्य वॉली वेस्ट घालत होता. धावून झाल्यावर पोटात आगडोंब उसळणे ही या वॉलीच्या कथांमधली गोष्ट आहे, आणि शास्त्रज्ञ टीना मॅगी हे पात्रसुद्धा तिथूनच घेतले आहे. डॅनी बिल्सन आणि पॉल डी मेओ या निर्मात्यांनी नाव एकाचे आणि शरीरधर्म दुसऱ्याचा अशी जोडणी केली, हे खरेच आहे.

पण त्या जोडणीतून पडद्यावर काय आले ते पाहावे. वेगाने धावल्यावर बॅरीचे साधे कपडे घर्षणाने जळतात, म्हणून टीना त्याला खोल समुद्रातला दाब सोसण्यासाठी बनवलेला एक रशियन पोशाख देते. धावपळीनंतर शरीरातली साखर उतरून तो गळून जातो आणि समोर येईल ते ताटभर खातो. वेगाची किंमत शरीराला मोजावी लागते ही जाण या मालिकेत सतत जागी आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच तिचे मोठे बळ आहे. देवासारखा न थकणारा धावपटू तासभर पाहण्यात रस टिकत नाही. धाप लागलेल्या माणसाची मात्र काळजी वाटते.

पोशाखाबद्दल आपण लिहिले ते अंशतः खरे आहे. फोमचे कोरीव स्नायू दिवसाउजेडी खोटे वाटतात, आणि म्हणूनच बहुतेक दृश्ये रात्रीची, निऑनच्या उजेडातली, ओल्या रस्त्यांवरची आहेत. १९८९ च्या ‘बॅटमॅन’ चित्रपटाचा प्रभाव त्यात उघड दिसतो; शीर्षकसंगीतदेखील त्याच चित्रपटाचे संगीतकार डॅनी एल्फमन यांचे आहे. या उसनवारीची ज्यांनी तेव्हा तक्रार केली त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. भागांना संगीत देणाऱ्या शर्ली वॉकर यांनी मात्र मालिकेला स्वतःचा आवाज दिला, आणि पुढे १९९२ च्या ‘बॅटमॅन’ सचेतपट (ॲनिमेशन) मालिकेत त्यांचेच संगीत गाजले. हॅमिलही त्याच मालिकेत जोकर या खलनायकाचा आवाज झाला. आपण चित्रकथांचे वाचक आहात म्हणून सांगतो, ट्रिकस्टरचे दोन भाग पाहून लगेच ती सचेतपट मालिका ऐकावी. त्या जोकरच्या हसण्यात आधीचा ट्रिकस्टर सहज ऐकू येतो.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने २०१४ ची मालिका पाहिली आहे. आता त्याला जुनी पाहायची आहे, पण त्याच्या मित्रांनी ती ‘बोअर’ असल्याचे सांगितले आहे. त्याला कुठून सुरुवात करू द्यावी? त्यात मुलांनी पाहू नये असे काही आहे का? – एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पहिला दोन तासांचा भाग आपण स्वतः सोबत बसून दाखवावा, कारण त्यात भावाचा खून आहे आणि टोळीची दहशत आहे. त्यानंतर ओळीने न जाता ‘घोस्ट इन द मशीन’ आणि ‘डेडली नाइटशेड’ हे भाग लावावेत. पहिल्यात १९५५ मधून गोठून राहिलेला एक गुन्हेगार पुन्हा जागा होतो आणि म्हाताऱ्या नाइटशेडला परत बाहेर पडावे लागते. मुलांना हा प्रकार आवडतो. मग ‘ट्विन स्ट्रीक्स’ दाखवावा. त्यात निळ्या पोशाखातला दुसरा फ्लॅश आहे आणि तो लहान मुलासारखा निरागस आहे. ट्रिकस्टरचे भाग सर्वांत शेवटी ठेवावेत. अकराव्या वर्षी ते थोडे भीतिदायक वाटतील, पण रात्री नव्हे तर दुपारी पाहिले तर चालतील.

आपल्या मुलाला एक ओळखीची खूण आधीच सांगून ठेवावी. नव्या मालिकेत त्याने बॅरीचे वडील म्हणून ज्यांना पाहिले आहे, तेच शिप या जुन्या मालिकेतले बॅरी आहेत, आणि जुनी टीना मॅगी झालेल्या अमांडा पेज याही नव्या मालिकेत त्याच नावाने येतात. २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या, नव्या ‘फ्लॅश’सह अनेक मालिकांत पसरलेल्या महाकथेत शिप यांनी जुनाच लाल पोशाख पुन्हा घातला. त्यात नव्या बॅरीला वाचवण्यासाठी जुना फ्लॅश स्वतः धावत सुटतो, आणि तो नाहीसा होण्याआधी १९९० च्या मालिकेतला टीनासोबतचा एक क्षण पडद्यावर येतो. मुलाने तो प्रसंग पाहिला असेल आणि तेव्हा ही बाई कोण हे त्याला कळले नसेल. जुनी मालिका संपवल्यावर तोच भाग त्याला पुन्हा लावून द्यावा.