लाकूड प्लास्टिकसारखे का दिसते?

प्रश्न : ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मी टेबलाचे मॉडेल केले, लाकडाचा उत्तम फोटो टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचे चित्र) म्हणून लावला आणि सायकल्स या त्याच्या रेंडर इंजिनमध्ये सॅम्पल्स (प्रत्येक पिक्सेलसाठी प्रकाशाचा हिशोब किती वेळा करायचा तो आकडा) ८१९२ पर्यंत वाढवले, तरी रेंडरमध्ये, म्हणजे तयार चित्रात, टेबल प्लास्टिकचेच वाटते. कुठे चुकते आहे?

उत्तर : सॅम्पल्स वाढवल्याने चित्रातला दाणेदारपणा कमी होतो, पृष्ठभागाचा पोत बदलत नाही, तो आकडा खुशाल खाली आणा. अडचण बहुधा कडांमध्ये आणि रफनेसमध्ये (पृष्ठभागाच्या खरखरीतपणाच्या आकड्यात) आहे. खऱ्या टेबलाची कड कधीच पात्यासारखी धारदार नसते. ती किंचित झिजलेली असते आणि तिच्यावर उजेडाची बारीक रेघ उमटते. म्हणून कडा गोलसर करणारा बेव्हल मॉडिफायर लावून दोन-तीन सेगमेंट (गोलाईचे टप्पे) द्यावेत, मात्र त्याआधी ऑब्जेक्टचे स्केल अप्लाय करावे (बदललेले माप पक्के करावे), नाहीतर गोलाई वेडीवाकडी येते. रफनेस सगळीकडे मूळच्या ०.५ वरच राहिला असेल, तर चकाकी सर्वत्र सारखी पडते आणि प्लास्टिकचा भास होतो तो नेमका याच कारणाने. हात टेकतो तिथे लाकूड गुळगुळीत होते, रेषांच्या खाचांत ते खरखरीत राहते. हा फरक रफनेस मॅपने (जागोजागचा रफनेस सांगणाऱ्या चित्राने) दाखवावा आणि त्या चित्राची कलर स्पेस (रंग वाचण्याची पद्धत) ‘नॉन-कलर’ ठेवावी, कारण ते रंग नसून निव्वळ आकडे असतात. यूव्ही उलगडताना (टेक्स्चर बसवण्यासाठी मॉडेलचा पृष्ठभाग सपाट पसरवताना) लाकडाच्या रेषा फळीच्या लांबीनेच धावतील, हेही पाहावे.