ज्युनिअरना शिकवण्यात मुलीचा वेळ वाया जातोय का?

प्रश्न: माझी मुलगी संख्याशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. विभागाने तिला पहिल्या वर्षाच्या पाच मुलांची मेंटॉर केलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी त्या मुलांतच जातात. परवा एकाने विचारलं, प्रमाण विचलन काढताना एन वजा एकने का भागायचं? तर ही रात्रीपर्यंत पुस्तकं उघडून बसली. परीक्षेत हे कुणी विचारतही नाही. पैसे नाहीत, मार्क नाहीत, वर्षाअखेरीस एक प्रमाणपत्र मिळणार. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, दुसरं काय? शिवाय आज शिकवलेली पोरं उद्या हिच्याच पुढे गेली तर? सोडायला सांगू का? – एक वडील

उत्तर: नमस्कार. सोडायला सांगू नका. तीन-चार संध्याकाळी मात्र जास्त होतात. त्यावर काय करायचं ते पुढे सांगतो.

तुम्ही ज्या रात्रीबद्दल तक्रार केलीत, तिथूनच सुरुवात करू. एन वजा एक हे सूत्र तुमच्या मुलीने तीन वर्षांत कितीतरी वेळा लिहिलं असेल आणि त्याचे पूर्ण मार्कही घेतले असतील. पण पहिल्या वर्षाच्या मुलाला मार्कांशी देणंघेणं नसतं. त्याला ते खटकलं म्हणून त्याने विचारलं, आणि ‘सूत्रच तसं आहे’ हे उत्तर त्याला पुरलं नसतं. खरं उत्तर साधारण असं आहे: प्रमाण विचलन म्हणजे संख्या सरासरीपासून किती पसरल्या आहेत याचं माप. नमुन्यातल्या संख्यांचं अंतर आपण त्याच नमुन्याच्या सरासरीपासून मोजतो. ती सरासरी त्याच संख्यांमधून निघालेली, म्हणजे त्यांच्या सर्वांत जवळची. त्यामुळे अंतरांच्या वर्गांची बेरीज असायला हवी त्यापेक्षा थोडी कमी भरते, आणि ती तूट, नमुन्यात एन संख्या असतील तर एनऐवजी एन वजा एकने भागून भरून काढतात. हे चार वाक्यांत सांगता येण्यासाठी तिला तो सगळा भाग मुळापासून पुन्हा समजून घ्यावा लागला असणार. प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत मुलं अडखळतात ती असल्याच ‘का?’वर. म्हणजे ती रात्र अभ्यासातच गेली. फक्त तिला अभ्यासाला बसवलं त्या पोराने, तुम्ही नव्हे.

हा केवळ माझा अंदाज नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवीतल्या काही मुलांना संगणकावरच्या एका काल्पनिक विद्यार्थ्याला जीवशास्त्र शिकवायला दिलं आणि काहींना तोच भाग तसल्याच साधनाने स्वतःसाठी शिकायला दिला. ‘आपला विद्यार्थी’ असलेल्या मुलांनी अभ्यासाला जास्त वेळ दिला आणि ती शिकलीही जास्त. समोर खरं माणूस नव्हतं, तरीही! स्वतःपुरतं आपण चालवून घेतो, पण आपल्या भरवशावर बसलेल्यासमोर तसं चालवून घेता येत नाही.

दुसरा फायदा घरात बसून दिसणार नाही, पण माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. आपल्याला जे नीट येतं ते समोरच्याला का कळत नाही, हेच जाणकाराला कळेनासं होतं. १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्येच एका संशोधिकेने याचा सोपा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. नोकरीत हे रोज घडतं. आकडे अचूक काढणारे पुष्कळ असतात, पण ते आकडे ज्याला त्यातलं काही येत नाही अशा वरिष्ठाला समजावून सांगणारे फार थोडे. पाच मुलांचे पाच वेगवेगळे घोळ रोज बघणाऱ्या मुलीची ही तयारी आपसूक होते. ती कुठल्या क्लासमध्ये विकत मिळत नाही.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर ते फाईलला लावा आणि विसरून जा. सीव्हीत ‘मेंटॉर म्हणून काम केले’ ही ओळ आता सगळेच टाकतात. कुणाला काय अडलं होतं आणि तिने ते कसं सोडवलं, एवढं तिला सांगता आलं तर मुलाखत घेणारा मान वर करून ऐकेल.

आता पोरं पुढे जाण्याची भीती. यंदा तरी तसं होणार नाही, ती दोन वर्षं मागे आहेत. पण पुढेमागे जातीलही, आणि त्याचा त्रास मोठमोठ्यांना झालाय. हम्फ्री डेव्ही हा सोडियम आणि पोटॅशियम वेगळं करणारा रसायनशास्त्रज्ञ. पुस्तकबांधणीचं काम शिकलेल्या आणि पुढे विजेवरच्या शोधांनी प्रसिद्ध झालेल्या मायकेल फॅरडेला त्याने १८१३ मध्ये हाताखाली घेतलं. १८२३ मध्ये फॅरडेचं नाव रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेच्या सदस्यत्वासाठी आलं तेव्हा अध्यक्ष होता डेव्ही, आणि विरोध केला तोही त्यानेच. फॅरडे निवडून आला ते वेगळं. आपण हाताला धरून शिकवलेला माणूस आपल्याहून सरस निघाल्यावर पोटात जे होतं, ते तुमच्या मुलीलाही कधीतरी होईल. ते विशीत झालेलं बरं. पंचेचाळिशीत, हाताखालच्या माणसाच्या बढतीची फाईल समोर असताना पहिल्यांदा झालं, तर माणसं फार वाईट वागतात.

कौतुकाची अपेक्षा मात्र तिने ठेवू नये. पेपर संपले की बरीच मुलं फिरकतही नाहीत. एखादा दोन वर्षांनी अचानक मेसेज करतो, पण त्या भरवशावर कुणी हे काम करू नये.

आता संध्याकाळींचा हिशोब. आधी तिला एकच विचारा, आणि विचारताना आवाज चढवू नका: ‘पेन कुणाच्या हातात असतं?’ त्यांच्या असाइनमेंट तीच लिहून देत असेल, तर त्या खरोखरच लष्कराच्या भाकऱ्या आहेत, आणि त्यात त्या मुलांचंही नुकसान आहे. पेन त्यांच्या हातात असेल, तर आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा, पाचही जण एकत्र, एवढं पुरे. येताना आधी स्वतः काय करून पाहिलं ते कागदावर आणायचं. तिला ज्या शंकांची उत्तरं देता आली नाहीत त्या एका वहीत उतरवायच्या. प्रवेश परीक्षेच्या तयारीत तिची कच्ची जागा शोधायला दुसरी यादी लागणार नाही. कुणी घरच्या किंवा मनाच्या मोठ्या अडचणी घेऊन आलं, तर ते ओझं तिने एकटीने वाहू नये. त्या मुलाला विश्वासात घेऊन शिक्षकांपर्यंत किंवा समुपदेशकापर्यंत न्यावं.

आणि परीक्षेच्या दोन महिने आधी हे पूर्ण थांबवायचं. मुलांना तारीख आत्ताच सांगून टाकावी. दुसऱ्या वर्षातलं कुणीतरी आतापासून सोबत बसवायला तिला सांगा, म्हणजे गट त्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवता येईल. नवा माणूस रुळायला महिनाभर जाईल, म्हणून हे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.