जळगावात पहिला फ्लॅट घेतोयस ना? मग एवढं बघ

भाऊ, आधी पूर्णत्वाचा दाखला माग. दाखल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. काम चालू असेल तर ५ टक्के. ४५ लाखांपर्यंतच्या, ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या (कार्पेट म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) घराला १ टक्का. नवखे 'सगळं धरून' भाव ऐकतात आणि टोकन देऊन मोकळे होतात. तसं करू नकोस.

राहत्या पहिल्या घरावर कर नसावाच, असं माझं ठाम मत आहे. हमी मात्र हवीच. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार ताब्यापासून ५ वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. पण लेखी कळव. माझ्या बाथरूमच्या भिंतीला पहिल्याच पावसाळ्यात ओल आली, पोपडे सुटले. मी वर्षभर नुसते फोन केले, हातात कागद एकही नाही.

आणि करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नकोस.